दिल्ली ते टोकियो : अंतर आणि वेळ

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा वाटतो. पुस्तकांच्या शेवटी दिलेल्या कोष्टकांत अशी अंतरे छापलेली असतात आणि ती आपण मुकाट्याने खरी मानतो. दिल्ली ते टोकियो हे अंतर कोष्टकात सुमारे ५,८४० किलोमीटर आढळेल. मोठे प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, हेही आपल्याला ठाऊक असते. भागाकार केला की साडेसहा तास येतात. पण वेळापत्रक उघडून पाहावे, तर जाण्यास साडेसात तासांच्या आसपास आणि येण्यास नऊ, कधी कधी जवळजवळ दहा तास लागतात, असे दिसते. वाट तीच, विमान तेच. मग हा फरक कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूमितीपासून हवामानापर्यंत आणि पर्वतांपासून राजकारणापर्यंत बरीच भटकंती करावी लागते.

प्रथम त्या ५,८४० किलोमीटरांचेच पाहू. शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर दिल्ली आणि टोकियो यांना पट्टीने जोडले, तर रेघ हिमालय ओलांडून चीनच्या मध्यभागातून, किंचित उत्तरेकडे कलत, जपानला पोहोचते. ही रेघ सरळ दिसते, पण ती सर्वांत जवळची वाट नव्हे. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट करू गेल्यास ती कोठेतरी फाटते किंवा ताणली जाते, तसेच नकाशाचे होते. खरी वाट पाहायची असेल तर पृथ्वीचा गोल समोर घ्यावा आणि एक दोरा दिल्लीवर व टोकियोवर धरून ताणावा. दोरा आपोआप ज्या रेषेवर स्थिर होतो, ती सर्वांत जवळची वाट होय. ही रेषा पुढे वाढवीत नेली तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ तयार होते. भूगोलाच्या परिभाषेत त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात.

दोऱ्याखाली कोणकोणती स्थळे येतात हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. दिल्लीहून निघालेली रेषा ईशान्येच्या थोडी पूर्वेकडे झुकते आणि अल्मोड्यावरून जाते. पुढे नेपाळचा वायव्य कोपरा ओलांडून ती मानससरोवराच्या दक्षिणेकडून, गुरला मांधाता शिखराच्या जवळून, तिबेटमध्ये शिरते. तिबेटचे पठार तिरपे कापून ती पिवळ्या नदीवरील लानचौ शहराच्या अगदी जवळून जाते, त्यानंतर यानआन, मग शानतुंग द्वीपकल्प, पीत समुद्र आणि सोलच्या थोडे दक्षिणेकडून कोरिया ओलांडून टोकियोला उतरते. टोकियो सुमारे ३५.७ उत्तर अक्षांशावर आहे. पण वाटेत ही रेषा ३७ अक्षांशाच्याही वर चढते आणि मग खाली येते. म्हणजे पूर्वेकडील नगराला जाताना प्रवाशाने आधी त्या नगराच्याही उत्तरेस जावे आणि मग दक्षिणेकडे वळावे, तर ते जवळ पडते! सपाट नकाशाची सवय झालेल्या डोळ्यांना हे पटत नाही.

हे अंतर दोऱ्याशिवाय, केवळ गणितानेही काढता येते. दिल्लीचे रेखांश ७७.२ पूर्व आणि टोकियोचे १३९.७ पूर्व; दोन्ही स्थळांचे अक्षांश आणि रेखांशांतील हे सुमारे साडेबासष्ट अंशांचे अंतर घेऊन गोलीय त्रिकोणमितीचे एक सूत्र वापरले, की दोन शहरांमधील कोन पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे साडेबावन्न अंश येतो. प्रत्येक अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले की आपले ५,८४० किलोमीटर हाती येतात. जुन्या काळचा नावाडी होकायंत्रावर एकच दिशा धरून चालला असता, तर त्याला सुमारे ५,९२० किलोमीटर पडले असते. फरक सुमारे ८० किलोमीटरांचा, म्हणजे विमानाच्या हिशोबाने पाच-सहा मिनिटांचा. दोन्ही शहरे विषुववृत्तापासून फार दूर नाहीत म्हणून हा फरक लहान. उत्तरेकडील शहरांच्या बाबतीत तो याच्या कितीतरी पट होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : हे अंतर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचे आहे. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहराला लागून आहे, तर शेतकऱ्यांच्या दीर्घ विरोधानंतर १९७८ मध्ये सुरू झालेला नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. प्रवाशाच्या दृष्टीने हे साठ किलोमीटर आकाशातील सहाशे किलोमीटरांइतके वेळखाऊ ठरतात.

आता मुख्य गोष्ट. दोऱ्याने दाखविलेल्या या जवळच्या वाटेने प्रवासी विमाने सहसा जातच नाहीत.

याचे कारण तिबेटचे पठार होय. विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवर उडते आणि पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक आहे. तेव्हा वरवर पाहता त्यात अडचण काही नाही. अडचण आहे ती संकटकाळी. त्या उंचीवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस फार थोडा वेळ शुद्धीवर राहू शकतो. म्हणून विमानात हवेचा दाब कृत्रिमपणे राखलेला असतो. काही बिघाडाने हा दाब नाहीसा झाला तर प्रवाशांच्या डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात, परंतु नेहमीच्या विमानातील हा प्राणवायू साधारणपणे पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाने विमान सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत, म्हणजे जेथे माणसाला स्वाभाविकपणे श्वास घेता येतो तेथपर्यंत, खाली आणायचे असते. गंगेच्या मैदानावर हे सोपे आहे. तिबेटवर तीन हजार मीटरांची पातळी ही जमिनीच्या पोटात असते! शिवाय दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर ते मूळ उंचीवर टिकून राहू शकत नाही. हळूहळू खाली येत येत ते एका कमी उंचीवर स्थिरावते. त्या उंचीवर भोवती सात-आठ हजार मीटरांची शिखरे असतील, तर वैमानिकाला वाट कोठून मिळणार? ल्हासाला नियमित विमाने जातात हे खरे. पण त्यांच्यासाठी अधिक प्राणवायूची तरतूद आणि सुटकेच्या ठरविलेल्या वाटा असतात. केवळ काही मिनिटे वाचविण्यासाठी शेकडो प्रवाशांना या पठारावरून नेण्याचा मोह विमान कंपन्या आवरतात, आणि ते योग्यच आहे.

म्हणून दिल्लीहून निघालेले विमान बहुधा हिमालयाला डावीकडे ठेवून गंगेच्या मैदानावरून पूर्वेकडे जाते, बांगला देश वा ईशान्य भारतावरून म्यानमार गाठते आणि युन्नान प्रांतातील कुनमिंगच्या बाजूने चीनमध्ये प्रवेश करते. तेथून ते ईशान्येकडे वळून पूर्व चीन व समुद्र ओलांडून जपानला पोहोचते. कुनमिंग हा कोपरा धरून मोजले तर दिल्ली ते कुनमिंग सुमारे २,५५५ आणि कुनमिंग ते टोकियो सुमारे ३,७१५, असे एकूण ६,२७० किलोमीटर होतात. जवळच्या वाटेपेक्षा ही वाट ४३० किलोमीटरांनी लांब आहे. हिमालयाने आकाशातून घेतलेला हा कर म्हणावयास हरकत नाही. तो भरण्यास विमानाला जवळजवळ अर्धा तास लागतो.

या वाटेचा एक तुकडा फार मोठी किंमत देऊन आखला गेलेला आहे. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनला रसद पोहोचविणारा ब्रह्मी रस्ता बंद झाला. तेव्हा दोस्त राष्ट्रांनी आसामातील चाबुआ, दिनजान यांसारख्या धावपट्ट्यांवरून कुनमिंगला विमानाने माल नेण्यास सुरुवात केली. अंतर जेमतेम ८०० किलोमीटर. परंतु मध्ये पूर्व हिमालयाच्या आणि त्याला लागून दक्षिणोत्तर पसरलेल्या पर्वतांच्या रांगा होत्या. वैमानिकांनी त्यांना ‘हंप’, म्हणजे वशिंड, असे थट्टेचे नाव दिले होते. त्या काळच्या भारवाहू विमानांना पुरेसे उंच जाता येत नसे; नकाशे अपुरे; बर्फ, पावसाळी ढग आणि विमानाला वाटेवरून भलतीकडे ढकलून देणारे प्रचंड वारे. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला, आणि सुमारे सहाशे विमाने नष्ट झाली. निरभ्र दिवशी खाली दऱ्याखोऱ्यांत चमकणाऱ्या अवशेषांच्या खुणेने विमान हाकता येते, असे वैमानिक म्हणत आणि या वाटेला ‘ॲल्युमिनियमची वाट’ म्हणत. आज त्याच भागावरून जाणारा प्रवासी बहुधा जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेला असतो.

पर्वतांइतकीच उंच अशी आणखी एक भिंत आकाशात असते, ती राजकारणाची. आपल्या देशावरील आकाश हे आपले, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय करारांनी मान्य केलेले आहे. त्यामुळे ज्याच्याशी सख्य नाही त्याच्या डोक्यावरून जाता येत नाही. १९५५ मध्ये एअर इंडियाने टोकियोची सेवा सुरू केली, तेव्हा तिचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमान मुंबईहून निघून कलकत्ता, बँकॉक आणि हाँगकाँग असे मुक्काम करीत टोकियोला जात असे. मुंबई-टोकियो हे सरळ अंतर सुमारे ६,७२० किलोमीटर आहे. या मुक्कामांच्या वाटेने ते सुमारे ७,९०० पर्यंत जाते. पंख्यांच्या त्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आत-बाहेर. तेव्हा केवळ हवेतच सोळा तास मोडत, मुक्कामांचा वेळ वेगळाच. त्याआधी, १८९३ मध्ये, निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबईशी जहाजांची नियमित ये-जा सुरू केली होती. मुंबईच्या कापसाचे भाडे उतरावे म्हणून जमशेटजी टाटांनी तीत पुढाकार घेतला होता. त्या जहाजांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सोळा तासांची ही गोष्ट चमत्कारासारखी वाटली असती.

आग्नेय आशियाला असा वळसा घालण्यामागे दोन कारणे होती. विमानांना एका दमात एवढी मजल मारता येत नसे आणि वाटेत प्रवासीही मिळवावे लागत, हे एक. दुसरे असे की चीनवरून जाण्याचा मार्ग खुला नव्हता. खुद्द जपान आणि चीन यांचे राजनैतिक संबंध १९७२ मध्ये पूर्ववत झाले आणि त्या दोन देशांतील नियमित विमानसेवा १९७४ मध्ये सुरू झाली. आकाशाची दारे एकदा उघडली म्हणजे कायमची उघडली असे मात्र नाही. २०२२ पासून जपानी विमान कंपन्या रशियावरून जाणे टाळू लागल्या, आणि टोकियो-लंडन हा बारा तासांचा प्रवास चौदा-पंधरा तासांवर गेला. शहरे होती तेथेच राहिली. अंतर मात्र वाढले.

आता जाण्या-येण्यातील फरकाकडे वळू. पुष्कळांची अशी समजूत असते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ती आपल्यापासून पळत असल्यामुळे जास्त वेळ लागत असला पाहिजे. प्रत्यक्षात उलटे घडते. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान उडते ते त्या हवेत. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा असा सरळ परिणाम होत नाही. परिणाम होतो तो वाऱ्याचा. नदीतील नावेप्रमाणे विमानाचेही दोन वेग मानावे लागतात : हवेच्या अपेक्षेने वेग आणि जमिनीच्या अपेक्षेने वेग. वैमानिकाच्या हाती पहिला असतो. प्रवाशाला पोहोचविणारा दुसरा.

सोपे उदाहरण घेऊ. हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि संपूर्ण वाटेवर पश्चिमेकडून सरासरी १०० किलोमीटरांचा वारा आहे असे समजू. जाताना जमिनीवरील वेग १,००० होईल आणि ६,२७० किलोमीटरांना ६ तास १६ मिनिटे लागतील. येताना वेग ८०० होईल आणि ७ तास ५० मिनिटे लागतील. दीड तासाचा फरक पडला. वारा नसता तर प्रत्येक फेरीस ६ तास ५८ मिनिटे लागली असती. दोन्ही मिळून १३ तास ५६ मिनिटे. वाऱ्यासह ही बेरीज १४ तास ६ मिनिटे होते. जाताना वाऱ्याने जे दिले ते येताना त्याने परत घेतले, वर दहा मिनिटे व्याजही घेतले! कारण उघड आहे : अनुकूल वाऱ्यात विमान थोडा वेळ असते आणि प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. नदीत वर-खाली नाव वल्हविणाऱ्याला हे गणित न शिकताही माहीत असते.

याच आकड्यांवरून वैमानिकाला फार महत्त्वाची असलेली आणखी एक गोष्ट कळते. वाटेत संकट आले तर मागे फिरावे की पुढे जावे? अंतराचा मध्य ३,१३५ किलोमीटरांवर आहे. परंतु वेळेचा मध्य तेथे नाही. पाठीमागून वारा असताना तो दिल्लीपासून सुमारे २,७९० किलोमीटरांवर येतो. तेथून परत फिरण्यास आणि पुढे जाण्यास सारखाच, साडेतीन तासांच्या आसपास, वेळ लागतो. म्हणजे कुनमिंग मागे टाकून दोन-अडीचशे किलोमीटर गेल्यावरच टोकियो हे दिल्लीपेक्षा ‘जवळ’ होते. वाटेत उतरण्याजोगे विमानतळ असल्याने प्रत्यक्षात दोहोंपैकी काहीच करावे लागत नाही. पण महासागर ओलांडणाऱ्या विमानाचे सारे नियोजन याच बिंदूभोवती फिरते. टाकीत किती इंधन भरायचे हा प्रश्नही किलोमीटरांचा नसून वाऱ्याचा असतो.

आपण धरलेला १०० किलोमीटरांचा वारा हा केवळ सोयीचा आकडा आहे. उत्तर गोलार्धाच्या मध्य पट्ट्यात, साधारण दहा ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे अरुंद प्रवाह आहेत. त्यांना झोतवारे किंवा जेट वारे म्हणतात. पूर्व चीनपासून जपानपर्यंतच्या आकाशात हे वारे हिवाळ्यात जगातील सर्वांत प्रबळ वाऱ्यांपैकी असतात. ताशी ३०० किलोमीटरांचा वेग तेथे काही नवलाचा नाही. उन्हाळ्यात ते दुबळे होऊन उत्तरेकडे सरकतात. म्हणूनच टोकियोहून परतीचा वेळ जानेवारीत जास्त आणि जुलैत कमी असतो.

या वाऱ्यांचे आधुनिक मोजमाप प्रथम झाले ते टोकियोजवळच. टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२३ ते १९२५ या काळात हायड्रोजनचे लहान फुगे आकाशात सोडून आणि दुर्बिणीने त्यांचा माग घेऊन उंचावरील वारे मोजले. अशी एकूण १,२८८ निरीक्षणे त्यांनी एकत्र केली. हिवाळ्यातील वाऱ्याचा वेग पाहून कोणीही थक्क व्हावे अशी ती होती. परंतु ओइशी हे एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचे कट्टर पुरस्कर्ते होते. साऱ्या जगाने वाचावे या हेतूने त्यांनी आपला १९२६ चा अहवाल त्या भाषेत प्रसिद्ध केला, आणि परिणामी तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. भाषांतराचा उद्योग करणाऱ्याला ही हकीकत वाचून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकन बी-२९ विमाने टोकियोवर आली तेव्हा त्यांना या वाऱ्यांनी अक्षरशः उधळून लावले; नेम धरणे अशक्य झाले. त्याच वाऱ्यांवर जपानने स्फोटके बांधलेले सुमारे नऊ हजार फुगे अमेरिकेकडे सोडले. त्यांपैकी काहीशेच पलीकडे पोहोचले. १९४५ च्या मे महिन्यात ओरेगॉन राज्यातील जंगलात सहलीला गेलेली एक स्त्री आणि पाच मुले अशाच एका फुग्याच्या स्फोटाने मरण पावली.

वेळापत्रकातील वेळ ही धावपट्टीवरून उचलल्यापासून मोजलेली नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे, यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. आपल्या ६ तास १६ मिनिटांत तो मिळविला की वेळापत्रकाच्या बरेच जवळ आपण येतो.

राहता राहिले घड्याळ. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि जपानची १३५ अंशांची. हे दुसरे रेखावृत्त आकाशी गावावरून जाते. अंतर ५२.५ अंश, म्हणजे साडेतीन तास. टोकियोची घड्याळे एवढी पुढे असतात. जपानने आपली प्रमाणवेळ १८८८ च्या आरंभापासून अंमलात आणली, तर भारताची १९०६ पासून सुरू झाली. मुंबईने मात्र ती मनापासून स्वीकारली नाही. ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत पाळली जात होती. टोकियोची विमानसेवा सुरू झाली तेही हेच वर्ष.

या साडेतीन तासांमुळे वेळापत्रक वाचणारा नेमका उलट्या निष्कर्षावर येतो. समजा, विमान दिल्लीहून रात्री ८ वाजता सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता टोकियोला पोहोचते. तिकिटावर अकरा तास दिसतात. परतीचे विमान टोकियोहून दुपारी १२ वाजता सुटून संध्याकाळी ६ वाजता दिल्लीत उतरते. तिकिटावर सहाच तास. तेव्हा जाणे लांबचे आणि येणे झटपट, असे वाटणारच. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात : टोकियोचे सकाळचे ७ म्हणजे भारतातील पहाटेचे साडेतीन, म्हणून जाण्यास साडेसात तास, टोकियोचे दुपारचे १२ म्हणजे भारतातील सकाळचे साडेआठ, म्हणून येण्यास साडेनऊ.